पेट्रोल पंपाखालची माती कशी तपासावी: जुन्या नोंदींपासून अहवालापर्यंत

ताशी अर्धा लिटर. जमिनीखालच्या पाइपच्या एखाद्या सांध्यातून एवढं पेट्रोल झिरपत राहिलं तर पंपावर कोणाच्या नजरेस काही पडत नाही. फरशी कोरडी असते, मीटर बरोबर चालतं आणि रोजच्या डिपमधला, म्हणजे टाकीत मोजकाठी बुडवून मोजलेल्या साठ्यातला, फरक नेहमीच्या घटीत मिसळून जातो. वर्षअखेर मात्र ४३८० लिटर पेट्रोल मातीत गेलेलं असतं. त्यात वजनाने एक टक्का बेंझीन हे कर्करोगकारक रसायन धरलं तरी ते सुमारे ३२ किलो भरतं. पिण्याच्या पाण्यातल्या बेंझीनसाठी जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे कागदावरच्या हिशेबाने हे ३२ किलो तीनशे कोटी लिटरहून जास्त पाणी त्या रेषेवर नेऊन ठेवू शकतं. प्रत्यक्षात सगळं बेंझीन पाण्यापर्यंत पोचत नाही. काही वाफ होऊन उडतं, काही मातीतले जिवाणू खातात. तरीही इतक्या छोट्या गळतीमागे एवढा त्रास का घ्यायचा, हे या आकड्यावरून कळतं.

पंपाची जागा विकत घेणारे, पंप चालवणारे, शेजारी विहीर असणारे आणि या कामात नव्याने उतरलेले तंत्रज्ञ, अशा सगळ्यांना तपासणीचा पूर्ण क्रम समजावा म्हणून हे लिहितो आहे. ड्रिलिंग आणि प्रयोगशाळेचं काम प्रशिक्षित माणसांचंच आहे, ते स्वतः करायला जाऊ नका. पण ते नीट होतंय का, हे ओळखता आलं पाहिजे.

सुरुवातीलाच एक सवय सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. प्रत्येक बोअर, म्हणजे माती तपासण्यासाठी पाडलेलं छिद्र, मारण्याआधी तो कोणत्या प्रश्नाचं उत्तर देणार आहे, हे एका वाक्यात लिहून काढा. वाक्य लिहिता येत नसेल तर तो बोअर मारू नका.

पेट्रोल जमिनीत शिरल्यावर काय करतं

पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं असतं, त्याची घनता साधारण ०.७२ ते ०.७७. गळती झाली की ते सरळ खाली उतरतं आणि वाटेतल्या मातीच्या कणांमध्ये थोडंथोडं अडकत जातं. चिकणमातीचा थर आडवा आला तर त्याच्या उतारावरून बाजूला सरकतं. गळती मोठी असेल तर ते भूजलापर्यंत पोचतं आणि पाण्यावर तरंगत पसरतं. कोरड्या ऋतूत पाण्याची पातळी खाली जाते तेव्हा हा थरही खाली जातो, पावसानंतर पाणी चढतं तसा तो वर येतो. या वर-खाली होण्यात मधला पूर्ण पट्टा पेट्रोलने माखून निघतो. मातीतलं सर्वांत जास्त प्रदूषण बहुतेक वेळा याच माखलेल्या पट्ट्यात सापडतं. पाणी चढलेलं असताना बोअर मारला तर हा पट्टा पाण्याखाली बुडालेला असतो, आणि 'पाणी लागलं, आता थांबा' म्हणणारा ड्रिलर नेमका त्याच्या वरच थांबतो.

पाण्यात विरघळणारा भाग वेगळ्या वाटेने जातो. शुद्ध बेंझीन लिटरभर पाण्यात सुमारे १८०० मिलिग्रॅम विरघळतं, टोल्युईन ५००च्या आसपास, एथिलबेंझीन आणि झायलीन २०० किंवा त्याहून कमी. पेट्रोलच्या मिश्रणातून पाण्यात उतरताना हे आकडे बरेच कमी होतात, पण क्रम तोच राहतो. म्हणून भूजलासोबत सर्वांत पुढे बेंझीन धावतं. पेट्रोलमध्ये एमटीबीई हे रसायन मिसळलेलं असेल तर ते बेंझीनच्याही पुढे जातं. ते लिटरला ४० ग्रॅमहून जास्त विरघळतं, मातीला फारसं चिकटत नाही आणि जिवाणूंना सहज पचत नाही. कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका शहराला १९९६ मध्ये याच रसायनामुळे पिण्याच्या पाण्याच्या अनेक विहिरी बंद कराव्या लागल्या. इथेनॉलची गोष्ट आणखी निराळी. जिवाणू आधी इथेनॉल खातात, त्यात जमिनीतला ऑक्सिजन संपतो, आणि मग बेंझीन जास्त काळ टिकून राहतं. सोबत मिथेनही तयार होऊ शकतो.

मातीत अडकलेलं, पाण्यावर तरंगणारं आणि विरघळलेलं ही तीन रूपं झाली. चौथं रूप वाफेचं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, त्यामुळे ती गटारात, तळघरात, केबलच्या नाल्यांत साचते. मेक्सिकोतल्या ग्वादलाहारा शहरात २२ एप्रिल १९९२ रोजी पाइपलाइनमधून गळलेलं पेट्रोल सांडपाण्याच्या वाहिन्यांत शिरून स्फोट झाले आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. पंपाच्या आसपास गटारात वास येतोय अशी तक्रार कोणी केली तर तपासणीचं वेळापत्रक बाजूला ठेवा. आधी अग्निशमन दलाला कळवा.

डिझेल याहून संथ आहे. वाफ कमी, विरघळणं कमी, त्यामुळे पसारा लहान. पण मातीत ते वर्षानुवर्षं राहतं आणि वाफ मोजणाऱ्या यंत्राला फारसं सापडत नाही.

कागद आणि माणसं

पहिले दोन-तीन दिवस जागेवर यंत्र नेण्याची गरज नसते. टाक्या कोणत्या साली बसवल्या, किती क्षमतेच्या, एकपदरी पोलादी की दुहेरी भिंतीच्या, पाइप कोणत्या धातूचे की प्लास्टिकचे, दुरुस्त्या कधी झाल्या, हे सगळं कागदांवरून काढा. पाइपमधलं पेट्रोल टाकीतला पंप दाबाने ढकलतो की डिस्पेन्सर, म्हणजे गाडीत पेट्रोल भरणारं यंत्र, ते शोषून घेतो, हेही विचारा. दाबाच्या पाइपला छिद्र पडलं तर पेट्रोल जोराने बाहेर फेकलं जातं. शोषणाच्या पाइपला छिद्र पडलं तर उलट हवा आत येते आणि डिस्पेन्सर अडखळतो. दोन्हींत गळतीचं प्रमाण अगदी वेगळं असतं.

जुन्या टाक्यांचा शोध मनापासून घ्या. कधीतरी रिकाम्या करून वाळू भरून सोडलेल्या, किंवा नुसत्याच विसरलेल्या टाक्या आजच्या नकाशावर नसतात. मी पाहिलेल्या एका जागेवर सगळी तपासणी चालू टाक्यांभोवती झाली आणि माती स्वच्छ निघाली. नंतर तिथे पूर्वी काम केलेल्या एका वयस्क माणसाने सहज सांगितलं की आधीचा पंप आताच्या हवा भरण्याच्या जागेपाशी होता. प्रदूषण तिथेच होतं. तेव्हापासून निवृत्त कामगारांशी बोलणं मी कधीही टाळत नाही. जुनी हवाई छायाचित्रंही अशीच उपयोगी पडतात.

पंप शिसंयुक्त पेट्रोलच्या काळातला असेल तर यादीत शिसं आणि एथिलीन डायब्रोमाइड ही दोन नावं वाढवा. दुसरं रसायन शिशासोबत इंजिन स्वच्छ ठेवण्यासाठी घातलं जायचं, आणि भूजलात ते दीर्घकाळ टिकतं. वाहनांसाठी शिसंयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जेरिया, तिथली विक्री २०२१ मध्ये थांबली. त्यामुळे जगातल्या कोणत्याही जुन्या पंपाच्या बाबतीत हा प्रश्न विचारावाच लागतो.

साठ्याची नोंदवही नीट वाचा, पण तिच्यावर विसंबू नका. पेट्रोल उष्णतेने फुगतं. दहा हजार लिटरचं तापमान पाच अंशांनी बदललं तर आकारमानात सुमारे ४८ लिटरचा फरक पडतो. अमेरिकेच्या नियमात महिन्याच्या विक्रीच्या एक टक्का अधिक १३० गॅलन, म्हणजे साधारण ४९२ लिटर, एवढा फरक चालवून घेतला जातो. महिन्याला दोन लाख लिटर विकणाऱ्या पंपावर या हिशेबाने जवळजवळ अडीच हजार लिटरची तूट संशयाशिवाय बसू शकते. आपण सुरुवातीला धरलेली गळती महिन्याला ३६५ लिटरच होती. हिशेब जुळतो एवढ्यावरून गळती नाही असं म्हणता येत नाही. टाकी आणि पाइपच्या घट्टपणाच्या चाचणीचे निकाल मागा. या चाचणीने ताशी ०.१ गॅलन, म्हणजे ०.३८ लिटर एवढी गळती पकडता आली पाहिजे, असा मापदंड आहे.

नोंदवहीतलं आणखी एक खूण सांगणारं पान म्हणजे टाकीतल्या पाण्याची नोंद. मोजकाठीला पाणी दाखवणारी पेस्ट लावून तळाचं पाणी मोजतात. पावसानंतर भूजल टाकीच्या तळाहून वर चढतं त्याच दिवसांत टाकीतलं पाणीही वाढत असेल, तर आत येणाऱ्या त्या पाण्याच्या वाटेनेच कोरड्या ऋतूत पेट्रोल बाहेर जात असण्याचा दाट संशय घ्यावा.

पायी फेरफटका

टाकी फुटून गळती होते असं बहुतेकांना वाटतं. माझा अनुभव असा की पाइपचे सांधे, डिस्पेन्सरच्या खालचा खड्डा आणि टँकर रिकामा करताना फिलिंग पॉइंटपाशी होणारी सांडलवंड, या तीन जागा आधी तपासाव्यात. डिस्पेन्सरचं झाकण उघडून आतली माती बघा. फिलिंग पॉइंटच्या झाकणाभोवतीचं काँक्रीट काळपट आहे का, तडे गेलेत का, मध्येच कुठे नवं काँक्रीट टाकून चौकोन भरलाय का, फरशी खचली आहे का, हे सगळं नकाशावर टिपा. वाहनं धुण्याची जागा, तेल-पाणी वेगळं करणारा खड्डा, दुरुस्तीचा खड्डा आणि जुन्या इंजिन ऑइलचा साठा यांनाही नकाशात जागा द्या.

जवळच्या नाल्यात किंवा डबक्यात रंगीत तवंग दिसला तर काडीने ढवळून पाहा. लोहजिवाणूंचा तवंग काचेच्या तुकड्यांसारखा फुटतो आणि तसाच राहतो. तेलाचा तवंग फाटून परत एकजीव होतो.

मग कुंपणाबाहेर पडा. आजूबाजूच्या विहिरी आणि कूपनलिका किती खोल आहेत, पाणी कशाला वापरतात, तळघरं कुठे आहेत, पिण्याच्या पाण्याची लाइन कुठून जाते? शेवटचा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. पॉलिएथिलीनच्या पाइपमधून बेंझीन, टोल्युईनसारखी संयुगं आरपार झिरपू शकतात. पाइप कुठेही फुटलेला नसतानाही नळाच्या पाण्याला वास येऊ शकतो. प्रदूषित मातीतून प्लास्टिकची पाण्याची लाइन जात असेल तर त्या नळाचा नमुना पहिल्याच दिवशी घ्या.

आधी चित्र काढा

आता टेबलावर बसून जमिनीचा उभा छेद काढा, हाताने काढला तरी चालेल. टाक्या किती खोल, त्यांच्याभोवती कोणता भराव, खाली कोणते थर, पाण्याची पातळी कुठे, पाणी कोणत्या दिशेला वाहतं. त्यावर तीन गोष्टी दाखवा: प्रदूषण कुठून निघतं, कोणत्या वाटेने जातं, कोणापर्यंत पोचतं. जिथे माहिती नाही तिथे प्रश्नचिन्ह काढा. हीच प्रश्नचिन्हं तुमचे बोअर ठरवतील.

चित्रात टाकीचा खड्डा खास लक्ष देऊन काढा. टाक्यांभोवती वाळू किंवा बारीक खडी भरलेली असते. बाहेरची जमीन चिकणमातीची असेल तर हा खड्डा पाणी धरून ठेवणाऱ्या टबासारखा वागतो. गळलेलं पेट्रोल आधी त्यातच साचतं, आणि भरलं की सर्वांत सोप्या वाटेने, म्हणजे बहुधा पाइप टाकलेल्या चराच्या वाळूतून बाहेर पडतं. म्हणून उताराच्या दिशेला काहीच न सापडता उलट दिशेच्या गटाराच्या चरात प्रदूषण सापडू शकतं. खाली कठीण खडक असेल तर पेट्रोल भेगांमधून जातं. तिथे दोन बोअरमध्ये मोजलेल्या आकड्यांवरून मधल्या जागेचा अंदाज बांधणं धोक्याचं असतं.

बोअर कुठे आणि किती खोल

लहान पंपासाठी पहिल्या फेरीत सहा ते दहा बोअर पुरतात, असं माझं मत आहे. टाक्यांच्या खड्ड्याबाहेर भूजल ज्या दिशेला वाहतं त्या अंगाला दोन-तीन, पाइपच्या मार्गावर एक-दोन, प्रत्येक डिस्पेन्सरच्या ओळीजवळ एक, फिलिंग पॉइंटपाशी एक. एक बोअर भूजल जिकडून येतं त्या अंगाला, कुंपणालगत. तो नसेल तर शेजारच्या एखाद्या कारखान्यातून आलेलं प्रदूषण तुमच्या पंपाच्या नावावर लागू शकतं.

टाकीचा तळ बहुधा साडेतीन-चार मीटरवर असतो. दोन मीटरचे बोअर मारून 'माती स्वच्छ' असा अहवाल देणं म्हणजे टाकीच्या अर्ध्या उंचीपर्यंतच बघणं. बोअर तळाच्या खाली किमान दोन मीटर जायला हवा, आणि पाणी लागत असेल तर माखलेला पट्टा ओलांडून स्वच्छ मातीपर्यंत. याला एकच अपवाद: प्रदूषित थराखाली चिकणमातीचा अखंड थर लागला आणि त्याखाली वापरातलं भूजल असेल, तर तो थर भोसकू नका. तुमच्या बोअरनेच प्रदूषणाला खाली जायची वाट मिळेल.

जीव आधी

पेट्रोलची वाफ हवेत सुमारे १.४ टक्के झाली की ठिणगीने पेटू शकते. पेट्रोलचा ज्वलनबिंदू उणे ४० अंशांच्याही खाली आहे, म्हणजे कोणत्याही हवामानात ते पेटायला तयारच असतं. बोअरच्या तोंडाशी स्फोटक वायू मोजणारं यंत्र सतत चालू ठेवा. या १.४ टक्क्यांच्या, म्हणजे खालच्या स्फोटमर्यादेच्या, दहा टक्के वाचन आलं की ड्रिलिंगचं मशीन बंद करून माणसं बाजूला घ्या. अग्निशामक हाताशी हवेत, मशीन जमिनीशी अर्थिंग केलेलं हवं. जवळच्या डिस्पेन्सरची विक्री बंद हवी आणि टँकर येण्याच्या वेळी काम थांबायला हवं.

भूमिगत वाहिन्यांचे नकाशे मिळवा, शोधयंत्राने जमीन तपासा आणि तरीही पहिले दीड मीटर हाताने किंवा हवेच्या झोताने माती ओढून खणा. हा दीड मीटर खणायला अर्धा दिवस जातो म्हणून ड्रिलर कुरकुरतो. त्याचं ऐकू नका. खणताना वाळू किंवा खडी लागली तर थांबा. तो टाकीचा किंवा पाइपचा भराव असण्याची शक्यता मोठी आहे.

माती वाचणं

बाहेर आलेली माती सलग मांडा, खोली लिहा, छायाचित्र घ्या. रंग, ओल, कणांचा आकार, भेगा, मुळं आणि जुना भराव हे सगळं लिहा. पेट्रोलमुळे ऑक्सिजन संपलेली माती तांबूस-पिवळी न राहता राखाडी-हिरवट दिसू लागते, ही जुनी आणि भरवशाची खूण आहे. माती नाकाला लावून हुंगू नका. बेंझीन कर्करोगकारक आहे. न हुंगता सहज आलेला वास मात्र नोंदवा.

वासाचं काम पीआयडी नावाच्या यंत्राने करा. त्यातला अतिनील दिवा वाफेच्या रेणूंना विद्युतभारित करतो आणि यंत्र तो प्रवाह मोजतं. नेहमीचा १०.६ इलेक्ट्रॉनव्होल्टचा दिवा बेंझीन सहज टिपतो, मिथेन मात्र त्याला दिसतच नाही. दर अर्ध्या मीटरची माती झिपलॉक पिशवीत अर्धी भरा, ढेकळं फोडा, दहा मिनिटं सगळ्या पिशव्या सारख्याच तापमानाला ठेवा आणि मग नळी खुपसून सर्वांत मोठं वाचन लिहा. रोज सकाळी आयसोब्युटिलीन वायूने यंत्र जुळवून घ्या. दमट हवेत वाचन कमी येतं. ही वाचनं एकमेकांशी तुलना करायला आहेत. पीआयडीवर ३०० आलं म्हणून मातीत किलोला ३०० मिलिग्रॅम पेट्रोल आहे असं कोणी लिहिलं तर तो अहवाल परत पाठवा.

नमुना: सगळं इथेच बिघडतं

अख्ख्या तपासणीत सर्वांत जास्त चुका या पाच मिनिटांत होतात. माती उघडी पडल्या क्षणापासून बेंझीन उडू लागतं. मोठ्या तोंडाच्या बरणीत चमच्याने माती भरायची, वर बोटभर हवा सोडायची, बरणी दुपारभर गाडीत ठेवायची, आणि मग प्रयोगशाळेने 'आढळलं नाही' असं कळवायचं. पीआयडीवर शेकड्यांत वाचन आणि कागदावर शून्य अशी जोडी दिसली की दोष बहुतेक वेळा नमुन्यात असतो.

बरोबर पद्धत अशी. बोअरमधून माती घेऊन आलेली नळी उघडताच, मांडणी आणि छायाचित्रांच्या आधी, टोक कापलेल्या सिरिंजसारख्या छोट्या कोअररने साधारण पाच ग्रॅम माती सरळ उपसून आधीच वजन केलेल्या ४० मिलिलिटरच्या कुपीत सोडा. कुपीत मिथेनॉल असतं, ते संयुगांना पकडून ठेवतं. कुपीच्या तोंडाचे आटे पुसून झाकण घट्ट लावा आणि कुपी लगेच बर्फात ठेवा. तापमान शून्य ते सहा अंश हवं. मिथेनॉलमधले नमुने १४ दिवसांत तपासले गेले पाहिजेत, कोअररमध्येच तसेच बंद ठेवलेले ४८ तासांत. मिथेनॉलऐवजी सोडियम बायसल्फेट वापरणार असाल तर आधी थोडी माती त्यात टाकून पाहा. चुनखडीयुक्त माती फसफसते आणि त्या बुडबुड्यांबरोबर बेंझीन निघून जातं. याच खोलीची थोडी माती वेगळ्या बरणीत, ओल मोजण्यासाठी द्या. निकाल कोरड्या वजनावर मांडायला ती लागते.

डिझेल, जुनं इंजिन ऑइल आणि शिसं यांच्यासाठी साधी काचेची बरणी चालते, गच्च भरलेली.

कोणत्या खोलीवर नमुना घ्यायचा? प्रत्येक बोअरमधून किमान तीन: पीआयडीचं सर्वांत मोठं वाचन जिथे आलं तिथला, भूजलाच्या पातळीच्या अगदी वरचा, आणि प्रदूषण संपलं असं वाटतं तिथला. तिसऱ्या नमुन्याचे पैसे वाचवायचा मोह सगळ्यांना होतो. पण तो नसेल तर तळ कुठे आहे हे कधीच सिद्ध होत नाही.

दर दहा नमुन्यांमागे एक जोडनमुना, म्हणजे त्याच जागचा दुसरा नमुना, द्या आणि त्याला वेगळंच नाव द्या, म्हणजे प्रयोगशाळेला जोडी ओळखता येणार नाही. शुद्ध पाण्याची एक बंद कुपी सगळ्या प्रवासात सोबत ठेवून शेवटी तपासायला द्या. तिच्यात बेंझीन निघालं तर ते पेटीत किंवा गाडीत शिरलेलं आहे. हातमोजे प्रत्येक नमुन्याला नवे घाला. ज्या हाताने जनरेटरमध्ये पेट्रोल भरलं त्याने कुपीला हात लावायचा नाही. कोणी, कधी, कोणाच्या हाती नमुने दिले याची सहीनिशी साखळी ठेवा.

पाण्यासाठी निरीक्षण विहिरी

काही बोअरमध्ये साधारण ५० मिलिमीटरची पीव्हीसी नळी बसवून निरीक्षण विहीर करतात. तिचा फटींचा भाग पाण्याच्या पातळीच्या वरही हवा आणि खालीही, आणि तो ऋतूनुसार होणारी चढउतार पोटात घेणारा हवा. फटी पूर्ण पाण्याखाली बुडाल्या तर तरंगणारं पेट्रोल विहिरीत शिरूच शकत नाही, आणि विहीर निर्धोक असल्याचा भास होतो. फटींभोवती धुतलेली वाळू, त्यावर बेंटोनाइट या पाण्याने फुगणाऱ्या चिकणमातीचा बूच, वर सिमेंट आणि पाणी न शिरणारं कुलूपबंद झाकण. ते झाकण ठळक वेगळं रंगवा. निरीक्षण विहिरीला फिलिंग पॉइंट समजून टँकरचं पेट्रोल तिच्यात ओतलं जाण्याचा धोका खरा आहे.

पाण्याची दिशा कळायला किमान तीन विहिरी हव्यात, एका रेषेत नसलेल्या. नळ्यांच्या तोंडांची उंची मिलिमीटरपर्यंत मोजून घ्या आणि तिन्हींतलं पाणी एकाच दिवशी मोजा. वेगाचा अंदाजही काढता येतो. वाळूची पारगम्यता दिवसाला ५ मीटर, पाण्याच्या पातळीचा उतार हजारात पाच आणि सच्छिद्रता २५ टक्के धरली, तर पाणी दिवसाला १० सेंटिमीटर, म्हणजे वर्षाला सुमारे ३६ मीटर सरकतं. बेंझीन मातीला थोडं चिकटत जात असल्यामुळे त्याहून मागे राहतं. शेजारची विहीर ७० मीटरवर असेल तर गळती कधी सुरू झाली हा प्रश्न किती महत्त्वाचा, हे आता लक्षात येईल.

नमुन्याआधी तेल-पाण्याची सीमा दाखवणाऱ्या फीतयंत्राने तरंगणाऱ्या पेट्रोलची जाडी मोजा. विहिरीत दिसणारी जाडी भोवतालच्या मातीतल्या जाडीहून बरीच जास्त असू शकते, तेव्हा तिच्यावरून साठ्याचे लिटर काढायची घाई नको. तरंगतं पेट्रोल असलेल्या विहिरीतून विरघळलेल्या बेंझीनचा नमुना घेण्यात अर्थ नाही. तिथे थेट पेट्रोलचा नमुना घ्या. बाकीच्या विहिरींतून संथ पंपाने, मिनिटाला अर्ध्या लिटरपेक्षा कमी वेगाने पाणी काढत राहा. सामू, वाहकता आणि विरघळलेला ऑक्सिजन यांची सलग तीन वाचनं स्थिर झाली की कुपी भरा. कुपीत आम्ल असतं. ती काठोकाठ भरा, झाकण लावून उलटी करा. बुडबुडा दिसला तर ती टाकून नवी घ्या.

त्याच पाण्यात नायट्रेट, विरघळलेलं लोह, सल्फेट आणि मिथेन मोजून घ्या, यासाठी फार जास्तीचं काम पडत नाही. प्रदूषित भागात ऑक्सिजन, नायट्रेट आणि सल्फेट घटलेले, लोह आणि मिथेन वाढलेले दिसले तर जिवाणू पेट्रोल खात आहेत. कॅलिफोर्नियातल्या गळत्यांचा १९९५ मध्ये जो मोठा आढावा घेतला गेला, त्यात बेंझीनचे बहुतेक पसारे ८० मीटरच्या आतच थबकलेले आढळले होते. तुमचा पसारा थांबला आहे का, हे मात्र एका नमुन्यावरून कळत नाही. वर्षभर, निरनिराळ्या ऋतूंत किमान चार वेळा मोजावं लागतं.

घराखालची वाफ

जवळ इमारत असेल तर तिच्या पायाशेजारी जमिनीत कमी-जास्त खोल अशा दोन पातळ्यांवर वायूचे नमुने घेण्याची नळी बसवा आणि बेंझीनसोबत ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, मिथेनही मोजा. जमिनीत ऑक्सिजन पुरेसा असेल तर जिवाणू एक-दोन मीटरच्या मातीतच बहुतेक वाफ संपवतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या २०१५ च्या मार्गदर्शनात याच कारणाने विरघळलेल्या प्रदूषणासाठी १.८ मीटर आणि तरंगत्या पेट्रोलसाठी ४.६ मीटर स्वच्छ मातीचं उभं अंतर सुचवलेलं आहे. घराखाली ऑक्सिजन संपलेला आढळला तर हे अंतर गृहीत धरू नका.

निकाल हातात आल्यावर

सर्वांत आधी शोधमर्यादा, म्हणजे प्रयोगशाळेला ओळखता येणारं सर्वांत कमी प्रमाण, बघा. प्रयोगशाळेची शोधमर्यादा लिटरला ५० मायक्रोग्रॅम असेल आणि तुमची मर्यादा १०, तर 'आढळलं नाही' या शब्दांना काही किंमत नाही. हे प्रयोगशाळा निवडतानाच विचारायला हवं होतं, म्हणून आता सांगून ठेवतो. मग जोडनमुने आणि कोरी कुपी तपासा. त्यानंतर आकडे सुरुवातीला काढलेल्या उभ्या छेदावर लिहा, तक्त्यात नुसते ठेवू नका. एखादा आकडा चित्रात बसत नसेल तर चित्र बदला किंवा तिथे पुन्हा बोअर मारा. बेंझीन आणि टोल्युईन पाण्याबरोबर लवकर निघून जातात, एथिलबेंझीन आणि झायलीन मागे राहतात. पहिली दोन भरपूर असतील तर गळती ताजी किंवा चालूच असण्याची शक्यता धरून पाइपची चाचणी त्याच आठवड्यात करा. ज्या शेजाऱ्याच्या विहिरीत बेंझीन निघालं त्याला त्याच दिवशी सांगा. अहवाल छापून येईपर्यंत तो ते पाणी पीत राहणार असतो.

ज्या बोअरची विहीर केली नाही ते सगळे तळापासून वरपर्यंत बेंटोनाइटच्या राड्याने भरून घ्या. उपसलेली माती झाकलेल्या पिंपात ठेवा आणि निकाल आल्याशिवाय ती जागेवरून हलवू नका. अहवालाच्या नकाशात मारलेल्या बोअरइतक्याच ठळकपणे न तपासलेल्या जागाही दाखवा: टाक्यांचा थेट तळ, ऑफिसच्या इमारतीखालची जमीन, ज्या शेजाऱ्याने परवानगी नाकारली त्याचं आवार. टाक्या काढल्या जातील त्या दिवशी तिथे कोणी हजर राहून खड्ड्याच्या तळाचे आणि चारही भिंतींचे नमुने घ्यायचे आहेत, हेही त्याच नकाशाखाली लिहून ठेवा.